हायड्रोजनीकरण म्हणजे फक्त डालडा नव्हे



गेल्या अंकातील कृत्रिम सुगंधांवरील लेखात हायड्रोजनीकरण म्हणजे ‘डालड्याचीच कृती’ असे ठरवून टाकले आहे. ते चूक आहे. डालड्यात निकेल वापरून तेलातले दुहेरी बंध घटवतात; लेखातल्या अभिक्रियेत तिहेरी बंधातून दुहेरी बंध मिळवून तिथेच थांबायचे असते. कापलेल्या गवताचा वास देणारा सिस-३-हेक्झेनॉल असाच मिळतो. दुहेरी बंधाची बाजू बदलली, म्हणजे सिसऐवजी ट्रान्स झाला, की वासही बदलतो.

‘शिसे घातलेला उत्प्रेरक’ हा आक्षेपही अर्धवट आहे. हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या उत्प्रेरकात कॅल्शियम कार्बोनेटवरच्या पॅलेडियमचा जोर शिशाने मुद्दाम मारलेला असतो. जोडीला थोडे क्विनोलीन. जोर मारला नाही, तर अभिक्रिया दुहेरी बंधही संपवते. हा घन उत्प्रेरक शेवटी गाळून काढतात. मालात शिशाचा अंश तपासायलाच हवा, एवढे मान्य.

द्रावक ‘निव्वळ भर’ नाही. हायड्रोजन त्यात विरघळून, ढवळण्याने उत्प्रेरकापर्यंत पोचतो. किती खपला ते मोजून अभिक्रिया थांबवतात.

खरा धोका लेखात आलाच नाही. गाळलेला पॅलेडियम उत्प्रेरक कोरडा पडून हवेत उघडा राहिला, तर द्रावकाच्या वाफा पेट घेऊ शकतात. तो ओलाच ठेवावा, नायट्रोजनखाली गाळावा. वसई-विरारहून तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांसाठी हे छापणे अधिक गरजेचे होते. कृपया छापा.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, विरार (पश्चिम)