बदाम शोधून घेतला, पण बागेचे काय?



परवा रात्री मुलांसाठी बदाम भिजत घातले. सकाळी सोलताना एकात मेलेली अळी निघाली. फोडून, शोधून न घेता घाईने पाण्यात टाकले, ही माझीच चूक. सासूबाई रागावल्या नाहीत. हात जोडून त्यांनी णमोकार म्हटला. मला मात्र दिवसभर चैन पडेना.

ती अळी बहुधा डब्यातच लागली असेल. पण मग वाटले, बाकीचे बदाम इतके स्वच्छ येतात तरी कसे?

जगातले सुमारे 80 टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात. तिथे ‘नेव्हल ऑरेंजवर्म’ नावाच्या पतंगाची अळी बदामात शिरते. तिच्यामागून बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. म्हणजे शेतकऱ्याला गप्प बसून चालत नाही. पण फवारणीत अळीबरोबर उपयोगी किडेही मरतात.

दुसरी वाट आहे. अळ्या हिवाळा काढतात तो झाडावर राहिलेल्या जुन्या बदामांत, म्हणून ते आधीच पाडून टाकायचे. शिवाय मादीचा गंध सोडणारी साधने बागभर टांगायची. आपल्याकडच्या कामगंध सापळ्यात नर अडकून मरतो. इथे सापळाच नसतो. सगळीकडे तोच गंध, त्यामुळे नराला मादी सापडत नाही आणि पुढची पिढी कमी होते. मारण्यापेक्षा उत्पत्तीच रोखायची, हे मला फार पटले.

यात हिंसा अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पाडलेले बदाम यंत्राने चिरडतात, आतल्या अळ्या मरतात. कधी फवारणीही करावी लागते. शेतीतली ही उद्योगी हिंसा. ती पूर्ण टळत नाही, पण यत्नाने कमी होते.

आपण मात्र ताटापुरतेच शोधतो. पाप कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी लागते, हे आपण पाठशाळेत शिकलो. मी फवारत नाही. पण स्वस्त आणि बिनडागी बदामच हवा म्हणून अडून बसते, तेव्हा अनुमोदना माझीच ना?

म्हणून आता आमच्याकडे बदाम निम्मेच येतात. प्रत्येक बदाम कोरडाच फोडून पाहते, मगच भिजवते. दुकानदाराला विचारते, कमी फवारणीच्या बागेतला माल आहे का? तो हसतो. पण चारचौघींनी विचारले, तर तोही पुढे विचारेल.