विश्लेषण : बारा फुटांची होडी, आठ फुटांचा हौदा… पिकअपमधून कयाक नेताना ‘लाल फडके’ पुरेसे का नाही?

मूलहून गडचिरोलीकडे किंवा चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दृश्य रोजचे आहे. पिकअपच्या हौद्यातून मागे बाहेर आलेले बांबू, पाइप नाही तर सळ्या, आणि त्यांच्या टोकाला बांधलेले लाल फडके. फडके बांधले की माल कायदेशीर झाला, असा समज चालकांपासून मालकांपर्यंत सगळ्यांचाच आहे. आता याच हौद्यात कयाक ठेवायची वेळ आली, तर तोच समज कामाला येतो. नागभीड तालुक्यातला घोडाझरी, सावली तालुक्यातला आसोलामेंढा आणि गावोगावचे मालगुजारी तलाव असा पाण्याचा मोठा पसारा या भागात आहे. प्लास्टिक आणि फायबरच्या हलक्या होड्या आता ऑनलाइनही मिळतात. त्या पाण्यापर्यंत न्यायच्या कशा, हा प्रश्न मात्र विकत घेतल्यावरच पडतो.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ वाहनाच्या आणि मालाच्या मापांविषयी आहे. त्यानुसार माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर येता कामा नये, पुढे हौद्याच्या पुढच्या टोकापलीकडे जाता कामा नये आणि मागे गाडीच्या शेवटच्या भागापलीकडे निघता कामा नये. उंचीलाही मर्यादा आहे, पण कयाकच्या बाबतीत ती आडवी येत नाही.

मग फडक्याची समजूत आली कुठून? ती अगदीच निराधार नव्हती. याच नियमात पूर्वी एक सवलत होती. खांब किंवा तत्सम लांब वस्तू मालवाहू गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत बाहेर आली तर चालत असे. बाहेर आलेल्या सळ्यांवर मागून येणारी वाहने आदळून देशभर माणसे मरत होती. हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती सवलतच काढून टाकली. त्याला आता दशक उलटले. बाजारात मात्र ‘एक मीटर चालते’ हे वाक्य अजून तसेच फिरते आहे.

दंडाची बाजू २०१९ च्या दुरुस्तीने कडक केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये १-अ हे पोटकलम आले. माल पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत मर्यादेबाहेर असेल तर कायद्यात २० हजार रुपये दंड आहे. माल उतरवून घ्यायचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी, आणि तो नीट लावल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. हे पोटकलम फक्त चालकापुरते नाही. ‘तशी गाडी चालवू देणारा’ही त्यात येतो, म्हणजे मालकही. माल किती वजनाचा आहे, याचा इथे संबंध नाही. पंचवीस-तीस किलोची कयाक आणि टनभर सळ्या, दोन्ही या कलमापुढे सारख्याच.

अपवाद एकच : राज्य किंवा केंद्र सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याने त्या विशिष्ट मालासाठी सूट दिली असेल तर. पण ही सोय पवनचक्कीची पाती, मोठे ट्रान्सफॉर्मर अशा मालासाठी वापरली जाते. एका कयाकसाठी तो खटाटोप कोणी करणार नाही, आणि करावाही लागत नाही.

व्हिडिओ पाहून फसगत

कयाक पिकअपमध्ये कशी बांधायची, हे शोधले की समोर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथल्या अनेक राज्यांत चार फुटांपर्यंत माल मागे बाहेर आलेला चालतो, त्यापुढे लाल झेंडी किंवा दिवा लावायचा. ब्रिटनमध्येही मागे एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आलेला माल ठळक दिसेल अशी खूण करून नेता येतो. त्या व्हिडिओतला माणूस हौद्याच्या मागे लोखंडी जोडदांडा बसवतो, त्यावर कयाकचे शेपूट टेकवतो, झेंडी लावतो आणि निघतो. तिथे ते कायदेशीर आहे. तेच चंद्रपूर जिल्ह्यात केले तर ते उघड उल्लंघन ठरते. बांधण्याची पद्धत त्यांच्याकडून जरूर शिकावी, झेंडीचा भाग सोडून द्यावा.

मापे जुळतात का?

आपल्याकडच्या मालवाहू पिकअपचा हौदा साधारण आठ ते दहा फूट लांब असतो. ‘छोटा हत्ती’ त्याहून आखूड. शहरी हौशी मंडळींच्या पांढऱ्या पाटीच्या चार दारी पिकअपला तर जेमतेम पाच फूट मिळतात. एकट्याने बसायची साधी कयाक नऊ ते बारा फुटांची, समुद्रात चालवायची चौदा ते अठरा फुटांची.

बारा फुटांची कयाक आठ फुटांच्या हौद्यात सरळ ठेवली तर चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर बाहेर येते. २०१४ पूर्वीच्या सवलतीतही ती बसली नसती. दहा फुटांच्या हौद्यात दोन फूट बाहेर येते. जुन्या नियमात हे चालले असते, आज नाही. पाच फुटी हौद्यात तर कयाकचा मध्यबिंदूच हौद्याबाहेर एक फूट जातो. पुढचा भाग घट्ट बांधला नाही तर ती मागे उलटणारच.

तिरकी ठेवली तर? आठ बाय साडेपाच फुटांच्या हौद्याचा कर्ण सुमारे ९.७ फूट. कयाकला स्वतःची अडीच फूट रुंदी असल्याने प्रत्यक्षात फायदा त्याहून कमी. नाक वर करून केबिनच्या मागच्या जाळीला टेकवली तरी फार साधत नाही. बारा फुटांची कयाक पुढून पाच फूट उचलली तरी जमिनीवरची तिची लांबी जवळपास अकरा फूट राहते, वाचला एक फूट. नाक केबिनच्या टपावर नेले की मागचा प्रश्न सुटतो आणि पुढचा सुरू होतो, कारण हौद्याच्या पुढच्या टोकापलीकडेही माल चालत नाही. वेल्डिंगवाल्याकडून केबिनवर स्टँड करून घेण्याची कल्पना म्हणूनच बाद होते. शिवाय गाडीच्या रचनेत असा बदल केला तर नोंदणीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

फाळका आडवा उघडा ठेवून त्यावर कयाक टेकवणे हा सर्वांत आवडता उपाय. त्याने हौदा लांब दिसतो, पण मागचे दिवे आणि नंबरपाटी झाकली जाते. म्हणजे एक चूक लपवताना दुसरी पदरात.

थोडक्यात, नऊ फुटांपर्यंतची कयाक दहा फुटी हौद्यात फाळका लावून बसते. त्यापुढे गाडीच बदलावी. १४ फुटी आयशरमध्ये बारा फुटांची कयाक निवांत मावते, एका फेरीत चार-पाच जातात. तीन-चार मित्रांनी भाडे वाटून घेतले तर कायद्यातल्या दंडापुढे ते काहीच नाही. हवा भरायची कयाक घेतली तर हा हिशेबच उरत नाही, घडी करून ती कारच्या डिकीत जाते. पुराच्या वेळी बचाव पथके रबरी बोटी वापरतात, त्यामागे इतर कारणांबरोबर ही सोयही आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्दच्या विसर्गानंतर वैनगंगेला पूर आला, तेव्हा काठावरच्या गावांना बोटींची किंमत नव्याने कळली होती.

धोका कोणाला?

दंडाची चर्चा जास्त होते, धोक्याची कमी. पिकअपच्या हौद्याची पातळी आणि त्यावर ठेवलेल्या होडीचे टोक, हे दोन्ही मिळून दुचाकीस्वाराच्या छातीच्या आसपास येते. चंद्रपूर–मूल रस्त्याचा मोठा भाग जंगलातून जातो. रात्री तिथे गाडीच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नाही. मागून येणारा दुचाकीस्वार पिकअपचे लाल दिवे पाहून अंतराचा अंदाज बांधतो. दिव्यांच्या चार फूट अलीकडे गडद रंगाचे एक टोक हवेत आहे, हे त्याला कळत नाही. समोर रानडुक्कर किंवा चितळ आडवे आले आणि पिकअपने करकचून ब्रेक दाबला, तर ते चार फूटच निर्णायक ठरतात. मळलेले लाल फडके अंधारात काळेच दिसते.

वळणावरही असेच. मागच्या चाकांपलीकडचा भाग वळताना उलट्या बाजूला फेकला जातो. अरुंद चौकात गाडी डावीकडे वळली की कयाकचे शेपूट उजवीकडे झाडू फिरवल्यासारखे जाते. असा अपघात जीवघेणा ठरला तर प्रकरण चलनावर थांबत नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बांधायची कशी?

कयाक हलकी, म्हणून ती सुतळीने बांधली तरी चालते असे वाटते. खरे तर हलकी असणे हाच तिचा त्रास आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. चाळीसवर स्थिर असलेली कयाक ऐंशीवर उचलली जाऊ शकते. ती पालथी ठेवावी, म्हणजे वारा आणि पावसाचे पाणी आत भरत नाही. खाली जुनी गादी किंवा फोम. दोन रुंद पट्टे आडवे, एक पुढच्या तिसऱ्या भागात, एक मागच्या. आणि नाक व शेपूट दोन्हीकडून वेगळी दोरी हौद्याच्या हुकांना. ट्यूबचे रबर ताणले जाते, म्हणून मुख्य बंधनासाठी ते नकोच. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात फडफडत नाही.

रॅचेट पट्टा मात्र जपून आवळावा. इथल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, प्लास्टिकची कयाक उन्हात मऊ पडते आणि जास्त ताणलेला पट्टा तिच्यात कायमचा खड्डा पाडतो. निघाल्यावर पहिल्या आठ-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे हाताने तपासावेत, ते हमखास सैल झालेले असतात.

हौद्यात माणसे बसली तर?

कयाक हलू नये म्हणून दोन पोरांना तिच्यावर बसवणे, हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त पट्टा. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो, तोही केबिनमध्ये बसलेला असेल तर. हौद्यात फुकट बसलेल्या इतरांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. म्हणजे ब्रेक लागून एखादे पोर बाहेर फेकले गेले, तर भरपाई गाडीमालकाच्या खिशातून. तलावावर जाणाऱ्या मंडळींसाठी दुसरी गाडी करावी, किंवा बसने पुढे पाठवावे.