चादर सोलापुरी, मग सकिनालू परके कसे?

१/ सोलापुरी चादर कुठली, असे विचारले तर शेंबडे पोरही 'सोलापूरची' असे सांगेल. ती विणणाऱ्यांत तेलंगणातून आलेली असंख्य पद्मशाली कुटुंबे होती आणि आहेत, तरी चादरीचे सोलापूरपण कोणी नाकारत नाही. मग त्याच घरांत रांधलेले अन्न 'सोलापुरी' का ठरत नाही? आजचा धागा या प्रश्नावर.

२/ आधी पार्श्वभूमी. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे ती 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. हातमाग तर त्याहूनही जुने. निजामाच्या राज्यातील तेलुगूभाषक विणकर पोटासाठी येथे येत राहिले आणि शहराच्या पूर्व भागात त्यांची वस्ती वाढत गेली. घरातले पुरुष मागावर राबले, तर असंख्य स्त्रियांनी विड्या वळून संसार ओढला.

३/ स्थलांतरित माणसाच्या गाठोड्यात फारसे काही मावत नाही. भाषा, देव आणि हाताला ठाऊक असलेली चव मात्र सोबत येते. म्हणूनच नारळी पौर्णिमेला येथे मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो, नवरात्रात फुलांची बतुकम्मा रचली जाते आणि संक्रांतीला सकिनालू तळले जातात.

४/ सकिनालू म्हणजे काय? भिजवून दळलेल्या तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालतात. बोटांनी पीळ देत एकात एक वर्तुळे स्वच्छ सुती कापडावर मांडतात आणि थोडी सुकली की तळतात. आमच्या शेजारच्या आज्जी हे करताना कापड आधी हाताने चाचपून पाहत. विणकराच्या घरातली ती सवय होती.

५/ मध्यंतरी एका कार्यक्रमासाठी 'अस्सल सोलापुरी पदार्थ' अशी यादी माझ्या हाती आली. त्यात कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगा पोळी होती. सकिनालू नव्हते, सर्वपिंडी नव्हती. विचारल्यावर उत्तर मिळाले, 'ते बाहेरचे.' या उत्तराला इतिहासाचा आधार नाही, असे माझे ठाम मत आहे.

६/ तीच यादी तपासू. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. काही सहस्रकांपूर्वी ती भारतात आली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिका खंडातलीच. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यापूर्वी आपल्याकडे या दोहोंपैकी काहीही नव्हते. म्हणजे ज्या चटणीवर आपण अभिमानाने हक्क सांगतो, तिचे दोन्ही मुख्य घटक समुद्र ओलांडून आलेले आहेत.

७/ शिवाय कडक भाकरी आणि शेंगा चटणी विजयपूर-कलबुर्गीकडेही तितक्याच आवडीने खाल्ली जाते. आपली शेंगा पोळी कन्नड घरात 'शेंगा होळिगे' असते. राज्याची सीमा आखली गेली म्हणून तवे वेगळे झाले नाहीत.

८/ तर मग भाकरी-चटणी आपली नाही का? निश्चितच आपली आहे. येथील काळ्या मातीत लोकांनी ज्वारी पिकवली, कोरड्या हवेत टिकेल अशी भाकरी वाळवली, शेंगदाणे उखळात कुटले. या श्रमांनीच ती सोलापुरी झाली. हाच निकष विणकराच्या घरालाही लावायला हवा. तांदूळ, शेंगदाणे आणि हरभऱ्याच्या डाळीची सर्वपिंडी चार-पाच पिढ्या येथील चुलीवर होत असेल, तर ती बाहेरची कशी?

९/ हा केवळ पदार्थांच्या यादीचा वाद नाही. ज्याचे अन्न 'बाहेरचे', तो माणूसही मनातून बाहेरचाच राहतो. दुसरे असे की, गिरणीच्या हजेरीपटात कामगाराचे नाव आणि मजुरी सापडेल, पण त्याच्या डब्यात काय होते ते सापडणार नाही. ती नोंद फक्त घरातील वृद्ध स्त्रियांपाशी आहे. आमच्या शेजारच्या आज्जी गेल्या आणि त्यांच्या घरी सकिनालू आता विकत येतात.

१०/ म्हणून या धाग्याच्या वाचकांना एक विनंती. संक्रांतीला घरातल्या ज्येष्ठांजवळ वही घेऊन बसा. पदार्थाची कृती तर लिहाच. पण तो कोणी शिकवला, ते कुटुंब कोणत्या गावाहून आले, आल्यावर पहिले काम कोणते मिळाले, हेही लिहा. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, कोणत्याही घरातली वही चालेल. सोलापूरचा इतिहास लिहिताना तिची गरज पडणार आहे.