टाळीचं मत होतं तेव्हा



पडद्यावर आमच्या घामाचं सोंग करणाऱ्या नटाला आमच्या बाप-आज्यांनी पिटातली तिकिटं काढून शिट्ट्या मारल्या. त्यात काही वाईट नाही. सोंग करणं हा त्याचा धंदा. माझं भांडण सुरू होतं ते टाळीचं मत होतं तिथून.

१९८२ साल घ्या. १८ जानेवारीला मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. माझा आजा त्यातला एक. त्याच जुलैत ‘कुली’च्या शूटिंगात अमिताभ बच्चन जबर जखमी झाला. देशभर नवस, होमहवन. पंतप्रधान इंदिरा गांधी त्याला बघायला दवाखान्यात आल्या. जखमी माणसाला बघायला जावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोंगातल्या कुलीच्या पोटाला लागलं म्हणून रडलेल्या देशाला खऱ्या कामगाराचं उपाशी पोट का दिसलं नाही? चाळीतली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली तेव्हा कुणी नवस बोललं नाही.

१९८४ ला हा नट काँग्रेसतर्फे अलाहाबादेत उभा राहिला. समोर हेमवतीनंदन बहुगुणा, उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री. त्यांना पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. बहुगुणा आमचे कुणी नव्हेत. पण जमीन, मजुरी, जात यांवर तुझं म्हणणं काय, असं त्या नटाला किती जणांनी विचारलं? १९८७ ला बोफोर्सच्या आरोपांच्या गदारोळात त्यानं राजीनामा दिला. आरोप सिद्ध झाले नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. पण पाच वर्षांसाठी दिलेलं मत अडीच वर्षांत वाऱ्यावर गेलं.

१९८८ च्या पोटनिवडणुकीत तिथं व्ही. पी. सिंग जिंकले. तिसरा आला तो कांशीराम. पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी लाथाडून निघालेला माणूस. हरला, पण सत्तर हजारांच्या आसपास मतं घेऊन. त्यामागं ना गाणं होतं, ना फाईट. ती मतं माणसं जोडून मिळवलेली होती, म्हणून ती पुढं टिकली, वाढली.

आंध्रातही तेच. राम-कृष्णाच्या भूमिकांनी घराघरात पोचलेला एन. टी. रामाराव पक्ष काढून नऊ महिन्यांत, १९८३ ला, मुख्यमंत्री झाला. पुढं १९८९ ला दिल्लीचं सरकार बदलणाऱ्या राष्ट्रीय आघाडीचा अध्यक्षही तोच. त्यानं दोन रुपये किलोनं तांदूळ दिला, मान्य. पण त्याच्याच राज्यात, जुलै १९८५ मध्ये, कारमचेडूत जमीनदारांनी सहा दलितांना मारलं. पडद्यावरचा देव धावून आला नाही. त्या रक्तातून दलित महासभा उभी राहिली, ती आपल्याच माणसांनी उभी केली.

बाबासाहेब १९५२ ला मुंबईत हरले, १९५४ ला भंडाऱ्यात हरले. घटना लिहिणाऱ्याला याच मतपेटीनं नाकारलं. राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते, हे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं. आपण ऐकलं का? २०२४ ला हेमामालिनी मथुरेतून तिसऱ्यांदा लोकसभेत गेली, कंगना रनौत मंडीतून पहिल्यांदा. त्यांनी निवडणूक लढवू नये, असं मी म्हणत नाही. तो हक्क त्यांनाही घटनेनंच दिलाय. पण चेहरा बघून शिक्का मारला की हिशेब मागायचा हक्क आपण आपल्या हातानं सोडतो.

आणि आपलं काय? आपल्या वस्तीतल्या नेत्याचा वीस फुटी फ्लेक्स, त्यावर गॉगल, पाठीमागं सिनेमाची धून. हे पाहिलं की माझी मान खाली जाते. प्रस्थापितांवर थुंकणं सोपं आहे. आपल्या घरातल्या भक्तीचं काय करायचं?

तेव्हा उद्या वस्तीत नट आला तर त्याच्यासोबत फोटो काढू नका. विचारा: अॅट्रॉसिटीच्या खटल्यांचं काय करणार? पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर कधी मिळणार? कंत्राटी कामगाराला कायम कोण करणार? आणि हेच प्रश्न फ्लेक्सवरच्या आपल्या माणसालाही विचारा. त्याला आधी विचारा.

जयभीम.