मालक कोठे आहेत?

सुगी आटोपली, भाताची राने मोकळी झाली की उचगावच्या शिवारात बकऱ्यांचे तळ पडू लागतात. (आमच्या भागात मेंढरांना बकरीच म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी शेळ्या समजू नयेत.) रात्रभर रानात बकरी बसवावीत, रानाला लेंडीखत मिळावे आणि त्याबद्दल रानमालकाने धान्य किंवा रोकड द्यावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. तो ठरविण्यासाठी गावचा शेतकरी तळावर जातो. तेथे पुष्कळदा एकटी बाईच असते. तो विचारतो, "अक्का, मालक कुठं गेलेत?"

प्रश्न साधा आहे. विचारणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे नसते. परंतु समोर काठी घेऊन उभी असलेली हीच मालक असू शकेल, ही कल्पनाच त्याला शिवत नाही. सरकारी कचेरीत, बँकेत आणि बाजारातही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न उभा राहतो. एकटीने कळप सांभाळणाऱ्या बाईच्या धैर्याची स्तुती आपण खूप करतो. माझे म्हणणे असे की, तिच्याजवळ धैर्याचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो कागदावरच्या तिच्या नावाचा.

धनगर-कुरुबांच्या तळावर कामाची वाटणी कशी असते ते पाहा. दिवसा पुरुष बकरी चारायला नेतो. बाई बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढच्या मुक्कामाला जाते, तळ मांडते, पाणी-सरपण आणते, भाकऱ्या थापते. लहान कोकरे दिवसभर तिच्याच स्वाधीन असतात. कोणते कोकरू दूध पीत नाही, कोणती मेंढी लंगडते, कोणती आज-उद्या विणार, हे तिला तोंडपाठ असते. म्हणजे धंद्याचा अर्धा-अधिक भाग ती आधीपासूनच चालवीत असते. नवरा आजारी पडला, मजुरीला गोव्याकडे गेला किंवा वारला, तर तिच्या वाट्याला चारणीही येते. लोकांना वाटते, बाईने आता धंदा हाती घेतला. खरे पाहता धंदा तिच्या हातात होताच. फक्त पडदा बाजूला झाला.

आता जरा दूरचे उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात हॅना हॉक्सवेल नावाची एक स्त्री सुमारे ८० एकरांचे शेत एकटीने राखून होती. तिच्याकडे मेंढ्या नव्हत्या, थोडी गुरे होती. पण एकांत आणि थंडी मेंढपाळालाही लाजवील अशी. घरात वीज नाही, नळ नाही. १९७३ साली तिच्यावरचा माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि सारा देश हळहळला. पुढे लोकांनी पैसे जमवून तिच्या घरी वीज आणली. त्याच देशात, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या नॉर्थंबरलंडमध्ये (म्हणजे तोही सीमाभागच!) एमा ग्रे या तरुणीने वयाच्या तेविसाव्या वर्षी फॅलोलीज नावाचे आडरानातले मेंढ्यांचे शेत एकटीने चालवायला घेतले. तिचे अनुभव २०१२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

या दोघींचे कौतुक करताना एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. हॅनाला ते शेत आईबापांकडून वारशाने मिळाले होते. एमाने आपले शेत 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेकडून खंडाने घेतले होते, आणि तो करार तिच्याशी झाला होता. त्या एकट्या होत्या हे खरे, पण "मालक कोठे आहेत?" असे विचारले तर "मीच" एवढे उत्तर देण्याइतका कागद दोघींच्याही पाठीशी होता. आमच्याकडच्या मेंढपाळ बाईचे शेत तर रोज रात्री बदलते. आज या रानात, उद्या त्या रानात. जमीन नाही म्हणून उतारा नाही, उतारा नाही म्हणून पत नाही. तिची सारी मालमत्ता चार पायांवर चालते, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमाखर्च शिकतो. तेव्हा कळपाचाही जमाखर्च मांडून पाहू. जमेच्या बाजूला कोकरांची विक्री, रानात बसविल्याचे धान्य किंवा रोकड आणि थोडीफार लोकर. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. एके काळी ती घोंगड्यांसाठी हातोहात खपे, आता तिला विचारणारे थोडे उरले. खर्चाच्या बाजूला औषध, लस, घोडे, कुत्रे, वाटखर्च. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईची मजुरी कोणत्या खात्यावर टाकायची? गडी ठेवला तर त्याचा पगार खर्चात धरतो. बायकोने तेच काम केले तर नफ्यात धरतो! ज्या खतावणीत सर्वांत मोठी नोंदच गाळलेली असते, ती खतावणी कोणताही प्राध्यापक तपासून परत पाठवील.

कळप सुधारला म्हणजे हा प्रश्न सुटतो असेही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला गेला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. मेंढीच्या शास्त्रात एका मराठी स्त्रीने केलेले हे काम अभिमानास्पद आहे. पण जुळी कोकरे म्हणजे दुप्पट निगा. दूध पुरत नाही तेव्हा वरचे दूध पाजायला रात्री उठायचे कोणी? उत्पन्न वाढेल ते मालकाच्या नावावर आणि जागरण वाढेल ते बाईच्या वाट्याला, असा हिशेब होऊ नये.

सरकारदरबारी काही दारे उघडी आहेत, हे मान्य केले पाहिजे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने 'शेतकरी' या शब्दात पशुपालक आणि भटके मेंढपाळही धरले. महाराष्ट्रात मेंढ्या-शेळ्यांचे महामंडळ आहे आणि त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे. कर्नाटकातही मेंढी व लोकर विकास निगम आहे. महाराष्ट्राच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर यांसाठी ७५ टक्के अनुदानाची सोय झाली. पण आमच्या भागातला कळप वर्षातून कित्येकदा राज्याची सीमा ओलांडतो. इकडच्या कचेरीत अर्ज कन्नडात, तिकडच्या कचेरीत मराठीत. बकऱ्यांना सीमा कळत नाही, अर्जाला मात्र कळते. त्यातून अर्जदार बाई असेल आणि नाव नवऱ्याचे असेल, तर दोन्हीकडून हात हलवीत परत. पाटीवर अहिल्यादेवींचे नाव आहे. आतल्या नोंदवहीत तिच्या लेकींची नावे किती, हेही एकदा पाहायला हवे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख आपल्या कर्नाटकात. मेंढी मोजली, चांगले झाले. आता ती राखणारीही मोजावी.

कोणी म्हणेल, घर एकच, चूल एकच. नाव कोणाचे का असेना! सर्व सुरळीत असते तोवर हे ठीक आहे. पण नवरा वारला आणि दीर-भावकी कळपाच्या वाटण्या करू लागली तर? पावसाळ्यात आंत्रविषाराने एका रात्रीत पाच-दहा बकरी दगावली आणि भरपाई मागायची वेळ आली तर? त्या दिवशी चूल एकच असल्याचा पुरावा कोणी मागत नाही, कागद मागतात.

याच भागातले एक उदाहरण आपल्याला शिकवण्यासारखे आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत धूळ खात राबणाऱ्या बायांनाही एके काळी कोणी मोजत नव्हते. १९८० च्या सुमारास त्यांनी संघटना बांधली, संप केले. १९८२ साली 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने त्यांच्यावर माहितीपटही काढला. एका छपराखाली शेकडो जणी असल्याने त्यांना एकमेकींचा आधार मिळाला. मेंढपाळ बाईला छप्परच नाही. तिच्या शेजारी दुसरी बाई असली तरी ती चार मैलांवरच्या दुसऱ्या तळावर. तिने आपली संघटना बांधावी म्हणून वाट पाहत बसणे म्हणजे तिची थट्टाच होईल. म्हणून तिच्याकडे आपणच चालत गेले पाहिजे.

काय करता येईल? पहिले म्हणजे, मेंढपाळांच्या सहकारी संघात नवऱ्याबरोबर बायकोलाही सभासद करून घ्यावे आणि अनुदानाचा कळप दोघांच्या नावे द्यावा. दुसरे, लसीकरणाच्या वेळी जनावराच्या नोंदीत मालक म्हणून प्रत्यक्ष राखणारीचे नाव घालावे. तिसरे काम आपल्या महाविद्यालयाचे आहे. आपले हे वार्षिक अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडात निघते. दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणारी एवढी मुले-मुली दुसरीकडे क्वचितच सापडतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातले दोन दिवस तळावर जाऊन अर्ज भरण्यासाठी दिले तर काय बिघडेल? बँकेचे खाते, संघाचे सभासदत्व, लसीची नोंद ही तीन कामे वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष दोन नावांनी जाहीर केले: कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष, आणि शेतकरी स्त्रियांचेही वर्ष. या दोन्ही नावांत जिचा समावेश होतो ती बाई उचगावच्या रानात बकरी बसवून उद्याच्या मुक्कामाची तयारी करीत असते. तिच्यासाठी भाषणे पुष्कळ होतील. विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, आपण भाषण सोडून एक अर्ज भरून देऊ या, आणि 'मालक' या रकान्यात कोणाचे नाव घालायचे, हे आधी तिलाच विचारू या.