बाटलीत वाढलेल्या पेशी आणि आपल्या आयाबहिणी



आपल्या घरात गुडघेदुखीची चर्चा होते, पित्ताची होते. पण छातीत गाठ हाताला लागली तर बाई ती नवऱ्यालाही सांगत नाही. आईला सांगावे तर आई गावी, सासूला सांगावे तर लाज वाटते. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून महिने निघून जातात. कोणी लेप लावते, कोणी भगताकडे नेते. शेवटी दवाखाना गाठला जातो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आज स्तनाच्या कर्करोगाविषयी मोकळेपणाने बोलू या. प्रयोगशाळेत या रोगाच्या पेशींवर जे संशोधन झाले, त्याचा आपल्या चुलीपर्यंत संबंध पोहोचतो.

गोष्ट अमेरिकेतील मिशिगन राज्याची आहे. १९७० साली तेथील एका ६९ वर्षांच्या ख्रिस्ती साध्वीचा स्तनाचा कर्करोग पसरला होता आणि फुप्फुसाभोवती पाणी साचले होते. त्या पाण्यातील पेशी डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशन या संस्थेतील शास्त्रज्ञ हर्बर्ट सोल यांनी प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या. अशा पेशी शरीराबाहेर टिकवणे तेव्हा फार अवघड होते. पण या पेशी टिकल्या. संस्थेच्या नावाची आद्याक्षरे आणि सातवा प्रयत्न यांवरून त्यांना एम.सी.एफ.-७ असे नाव पडले. १९७३ साली हे काम प्रसिद्ध झाले. ती बाई केव्हाच गेली. पण तिच्या पेशींचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे.

या पेशींनी काय शिकवले? स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. पेशीच्या आत त्याला धरणारे एक प्रथिन असते, त्याला रिसेप्टर म्हणतात. हे प्रथिन कुलूप समजा आणि इस्ट्रोजेन किल्ली. किल्ली कुलपात बसली की पेशीच्या केंद्रकातील जनुकांना हुकूम सुटतो: वाढ, एकाच्या दोन हो. एम.सी.एफ.-७ पेशींत हे कुलूप सापडले. पुढे १९७५-७६ च्या सुमारास मार्क लिपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींना टॅमॉक्सिफेन हे औषध दिले, तेव्हा त्यांची वाढ रोखली गेली. पुन्हा इस्ट्रोजेन दिले तर वाढ सुरू झाली. म्हणजे टॅमॉक्सिफेन ही कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली आहे. ती आत अडकून राहते आणि खऱ्या किल्लीला जागा मिळत नाही.

हे औषध १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये संततिनियमनाच्या संशोधनातून निघाले होते. त्या कामासाठी ते निरुपयोगी ठरले, पण कर्करोगात उपयोगी पडले. अमेरिकेत १९७७ साली त्याला मान्यता मिळाली. ज्यांच्या गाठीत हे कुलूप असते अशा स्त्रियांनी ते पाच वर्षे घेतले, तर पुढील पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून दिसले आहे.

मात्र सर्वांच्या गाठी सारख्या नसतात. १९८७ साली डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी दाखवले की काही गाठींत हर-टू या जनुकाच्या नेहमीच्या दोन प्रतींऐवजी कितीतरी जादा प्रती असतात आणि असा रोग अधिक वेगाने वाढतो. त्यावर बेतलेल्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. काही गाठींत यांपैकी काहीच नसते. त्यांना ही दोन्ही औषधे लागू पडत नाहीत, केमोथेरपीवर भर द्यावा लागतो.

म्हणूनच शेजारणीला जे औषध दिले तेच मला का नाही, असे म्हणून चालत नाही. गाठीचा तुकडा तपासायला गेला की डॉक्टरांना जरूर विचारा: ई.आर., पी.आर. आणि हर-टू या तपासण्या झाल्या का? तो कागद जपून ठेवा. रेशनकार्ड जपता तसा जपा. टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू असेल तर बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता आपल्या मुंबईचे पाहा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. महागडे यंत्र नव्हते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या व त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालील स्त्रियांत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही; तरी गाठ लागली तर वय कितीही असो, दाखवलीच पाहिजे.

खर्चाची धास्ती असते, हे खरे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे चौकशी करावी.

शेवटी भावांना एक सांगणे. हा रोग शिवल्याने होत नाही, कोणाच्या करणीने होत नाही, आणि बाईच्या चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. घरच्या बाईने गाठ असल्याचे सांगितले तर ‘बघू पगार झाल्यावर’ म्हणू नका. एक खाडा पडला तरी चालेल, तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. आणि भगिनींनो, अंघोळीच्या वेळी हाताला काही वेगळे लागले, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आले, तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण साधी कोणती आणि वाईट कोणती, हे तपासल्याशिवाय कळत नाही.