‘सर्व्हर डाउन आहे’ एवढं सांगून थांबू नका



१६ जुलै २०२१ ची दुपार आठवते का? कोरोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. दुपारी १ वाजता तो जाहीर झाला आणि राज्य मंडळाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता, तरी आपला आकडा दिसेपर्यंत पोरांच्या जिवाला घोर! पुढे २० जुलैला अकरावीच्या सीईटीची नोंदणी सुरू झाली, तीही तांत्रिक अडचणीमुळे दुसऱ्याच दिवशी थांबवावी लागली.

मुलांनी विचारलं, की आपण एकच उत्तर देतो : ‘सर्व्हर डाउन आहे.’ माझ्या मते हे उत्तर अपुरं आहे. मशीन बंद पडलं, असा त्याचा अर्थ मुलं घेतात. पण साइट एकाला उघडते, दुसऱ्याला नाही, दहा मिनिटांनी पुन्हा उघडते, तेव्हा मशीन बहुधा चालूच असतं.

मग होतं काय? संध्याकाळचं घाटकोपर स्टेशन आठवा. मेट्रोतून उतरलेली गर्दी लोकलच्या पुलावर येते. पूल दुपारी होता तोच, तेवढ्याच रुंदीचा. तो तुटलेला नसतो, तुंबलेला असतो. सर्व्हरही एका वेळी ठरावीक विनंत्याच हाताळू शकतो. बाकीच्या रांगेत थांबतात, आणि रांगही भरली की नव्या विनंत्यांना उत्तरच मिळत नाही. त्यात आपण दर पाच सेकंदांनी ‘रिफ्रेश’ दाबतो, म्हणजे पुन्हा पुन्हा रांगेत शिरतो. गर्दी आपणच वाढवतो!

अर्थात, दर वेळी कारण गर्दीच असेल असं नाही. म्हणून मुलांना शोध घ्यायला शिकवा. आधी दुसरी साइट उघडते का? नसेल, तर दोष आपल्या नेटचा असू शकतो. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा. पडद्यावरचा आकडा वाचा : ४०४ म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलं, पण ते पान तिथे नाही. ५०३ म्हणजे सेवा सध्या देता येत नाही. ५०४ म्हणजे मागच्या यंत्रणेकडून उत्तर वेळेत आलं नाही. वेळ आणि आकडा वहीत लिहा. तीन-चार नोंदी झाल्या, की साइट कधी अडते ते दिसू लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. प्रयोगवहीत आपण हेच तर शिकवतो ना?

पण सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. अमुक तारखेला लाखो लोक येणार, हे निकाल लावणाऱ्यांना आधीच ठाऊक असतं. मग त्या दिवसापुरती क्षमता वाढवावी, निकाल अनेक ठिकाणी आणि एसएमएसवरही द्यावा. आणि फॉर्मच्या शेवटच्या दिवशी साइट अडली, तर मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी सायबर कॅफेत ताटकळणाऱ्या आईला अर्जविनंत्या करायला लागू नयेत.

आपल्या शाळेपुरतं तरी एवढं करू या : ऑनलाइन फॉर्मसाठी एकच तास न देता वर्गवार दिवस देऊ, आणि नेट अडलेल्या मुलाला ‘कारणं सांगू नकोस’ असं म्हणण्याआधी त्याची नोंदवही पाहू.